डोहाचं नाव

हाले, ६ नोव्हेंबर २०१६

श्रीमती वालबुर्गा एलरकोल्क यांस,

आपली ओळख नाही, पण आडनाव एक आहे. या देशात ही किती मोठी गोष्ट आहे, ते मला या महिन्यात कळलं, म्हणून लिहायचं धाडस करतो.

मी लोथार एलरकोल्क, वय सदुसष्ट. हयातभर हालेच्या ट्रामगाड्या चालवल्या, आता घरी बसून बायकोच्या कबरीवरची फुलं बदलतो आणि क्रॉसवर्ड सोडवतो. शाळेत असल्यापासून मला ठाऊक होतं की आपलं नाव दुसऱ्या कोणाचं नाही. वर्गात श्मिट चार, शुल्झ तीन, एलरकोल्क मी एकटा. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात सहज म्हणून देशभरच्या टेलिफोनच्या यादीत शोधलं. किती निघावेत? नऊ! आठ कोटी माणसांच्या देशात नऊ. मी नऊच्या नऊ नावं मोठ्यांदा वाचली. एक हाम्बुर्गला, दोन डोर्टमुंडला, असे विखुरलेले, जसे सणाच्या ताटातून सांडलेले वाटाणे. नववं नाव तुमचं होतं, आणि तुमच्या नावापुढे पत्ताही तोच: एलरकोल्क, वेस्टरोडे. मला वाटलं छापण्यात चूक झाली. मग ग्रंथालयात जाऊन म्युन्स्टरलँडचा मोठा नकाशा काढला, भिंग घेतलं, आणि एका निळ्या ठिपक्याशेजारी अगदी मुंगीएवढ्या अक्षरांत माझं नाव दिसलं. बाई, मी सदुसष्ट वर्षं ज्या नावाने जगलो, ते जमिनीवर लिहिलेलं होतं आणि मला पत्ताच नव्हता.

आमच्याकडे घराण्याचं चिन्ह रंगवलेली ढालही आहे. जत्रेत एका कंपनीच्या माणसाने आडनावावरून शोधून काढून दिली, चौकटीसकट. बुरूज आणि तीन मासे. तो म्हणाला, एलरकोल्क हे जुने सरदार. हे खरं असेल तर तुम्हालाच माहीत असणार. पहिला एलरकोल्क कोण होता, एवढं कळवाल का?

आपला नम्र,
लोथार एलरकोल्क


एलरकोल्क, वेस्टरोडे, २० नोव्हेंबर २०१६

श्री. एलरकोल्क,

पत्र मिळालं. आधी एक सांगून टाकते. शेतीत वाटणी मागायचा विचार असेल तर तिकिटाला पैसे घालू नका. इथे शेत तुटत नाही, एकाच्या हातून एकाच्याच हातात जातं. असे दोघेतिघे आधी येऊन गेलेत.

तसं नसेल तर पुढे वाचा.

सरदारांचं काही खरं नाही. या घरातलं कोणी घोड्यावर बसलं असेल तर ते नांगराच्या घोड्यावर, आणि तेही पाय दुखत होते म्हणून. बुरूज नाही. मासे आहेत, पण तीनच का ते त्या कंपनीला विचारा. नाव मोठं लक्षण खोटं, असली ढाल भिंतीवर लावून काय करता?

घरामागे डोह आहे. आमच्या बोलीत डोहाला कोल्क म्हणतात. काठाला एलरची झाडं आहेत, मुळं पाण्यातच बुडलेली. तोडलं की लाकूड आतून लाल होतं, माणसाच्या जखमेसारखं, म्हणून माझी आजी ती झाडं तोडू देत नसे. एलरचा डोह तो एलरकोल्क. नाव त्याचं आहे. त्याच्याशेजारी जे राहतात त्यांनाही लोक त्याच नावाने हाक मारतात, कारण वाडीला हाक मारायला काहीतरी लागतंच.

एकोणसाठ साली पाऊस पडला नाही, सगळ्या विहिरी आटल्या, डोह आटला नाही. मी नवी नवरी होते. पंचक्रोशीतले लोक पिंपं घेऊन यायचे आणि मी काठावर उभी राहून त्यांना वाट दाखवायची. पाणी काळं दिसतं, पण ओंजळीत घेतलं की काचेसारखं. त्याचा तळ कोणाला लागलेला नाही. दोर सोडून बघणारे बघून गेले.

पहिला एलरकोल्क कोण, असं विचारता. पहिला एलरकोल्क तो डोहच.

वालबुर्गा एलरकोल्क


हाले, ५ डिसेंबर २०१६

प्रिय श्रीमती वालबुर्गा,

वाटणी नको, काही नको! तुमचं पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि कितीतरी वेळ खिडकीशी जाऊन उभा राहिलो. बाहेर ट्राम चालली होती, मला ती दिसत नव्हती. मला ते काळं पाणी दिसत होतं. सरदार गेले त्याचं मला एवढंसुद्धा वाईट वाटलं नाही. सरदार काय, शंभर वर्षांत मातीला मिळतात. डोह दुष्काळातसुद्धा आटला नाही! ढाल मात्र भिंतीवरच राहू दे, तिच्यामागे ओल आली आहे.

सोबत आमच्याकडचा श्टोलन, सुकामेव्याचा केक, पाठवतो आहे, नाताळासाठी. बहिणीने भाजला आहे.

आता माझी बाजू. माझे पणजोबा हर्मान तुमच्याकडून इकडे आले, रेल्वेच्या कारखान्यात लोहार म्हणून. त्याआधीचं कोणाला ठाऊक नाही. हर्मान तुमच्याच घरातले असणार, दुसरं घरच नाही! म्हणजे तुम्ही आणि मी एका रक्ताचे. या वयात मला नवं नातं मिळालं, याचा आनंद तुम्हाला कसा सांगू? हर्मानच्या वडिलांचं नाव तेवढं कळवा. मी मोठा कागद आणून वंशवृक्ष काढायला घेतला आहे. बापाचा बाप, त्याचा बाप, असा थेट डोहापर्यंत.

वरच्या बाजूने तो वाढतो आहे, खालच्या बाजूने मात्र छाटलेला आहे. तेही सांगतो, नाहीतर उगीच आडपडदा राहील. माझा एकच मुलगा, फाल्क. सहा वर्षांपूर्वी त्याचं लग्न झालं, आणि त्याने बायकोचं आडनाव लावलं. कायदा चालवून घेतो म्हणे. लग्नाच्या जेवणात उठून हसत हसत सांगितलं. मी चमचा खाली ठेवला, कोट घेतला आणि बाहेर पडलो. तेव्हापासून बोलणं नाही. एक नात आहे, रोमी, पाच वर्षांची. बहिणीकडच्या फोटोत पाहिली. कपाळ माझ्या आईचं आहे. नाव मात्र त्यांचं. कुठलं ते विचारू नका, या घरात ते उच्चारत नाही. एवढंच सांगतो की रस्त्यात दगड भिरकावला तर त्या नावाच्याच माणसाला लागेल. नऊ जणांच्या नावातून उठून तो लाखोंच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. माझ्यानंतर इथे आठच.

तुमचा आप्त,
लोथार


एलरकोल्क, ८ जानेवारी २०१७

प्रिय श्री. लोथार,

श्टोलन पोचला. कोरडा होता. कॉफीत बुडवून दोन दिवसांत संपवला, म्हणजे वाईट नव्हता. सोबत हॅम पाठवते, आमच्याच धुराड्यात टांगलेलं. पातळ कापा. ट्रामवाले जाड कापतात असं ऐकलं आहे.

मुलगा जिवंत आहे ना? धडधाकट आहे ना? मग चमचा कसला खाली ठेवता? मला मूल झालं नाही. मी पंच्याऐंशीला टेकले आहे आणि या घरात माझ्यामागे दिवा लावायला रक्ताचं कोणी नाही. तुमच्या फोटोतल्या त्या कपाळासाठी मी हॅमच काय, अख्खं डुक्कर दिलं असतं.

तुम्ही बापाचा बाप, त्याचा बाप असा वृक्ष काढता आहात, तो कागद जरा बाजूला ठेवा. इथे ते तसं नसतं. तुम्हाला कोणी सांगितलं नाही, त्यात तुमचा दोष नाही.

माझा नवरा अलोइस जन्माने ब्रिंकर. माझे वडील जन्माने ब्रुन्स. आजोबा ड्रेअर. इथे शेत पिढ्यान्‌पिढ्या पोरींकडेच, आणि नवरे बाहेरून आलेले. पण शेतावर जो राहायला येतो तो शेताचं नाव घेतो. बाई असो की बुवा. सरकारला हे कधी पटलं नाही. अलोइसने तर अर्ज करकरून नाव मिळवलं. पण वाडीने कधी सरकारला विचारलं नाही.

ते होतं असं. मोठ्या दालनात मधोमध चूल आहे, तिच्यावर हंडा टांगायची लोखंडी साखळी आहे, माझ्या आजीच्या आजीच्याही आधीची. येणाऱ्याचा हात त्या साखळीवर ठेवतात आणि त्याला चुलीभोवती तीनदा फिरवतात. मग पहिला शेजारी बाहेर जातो. पहिला शेजारी कोण हे इथे ठरलेलं असतं. जन्माला, लग्नाला, तिरडीला तोच पुढे. आमचा पहिला शेजारी म्हणजे हुबर्ट टेरहार. तर तो बाहेर जाऊन मोठं दार लावून घेतो आणि अंगणातून हाक मारतो, "एलरकोल्क! आहेस का?" आत उभ्या असलेल्या नव्या माणसाने ओ द्यायची. "आहे!" झालं. त्या दिवसापासून तो एलरकोल्क. अलोइसचा आवाज फुटेना. हुबर्टचा बाप बाहेरून ओरडला, "अरे आहेस का पळालास?" तेव्हा कुठे तो "आहे, आहे!" म्हणाला. सगळे हसले, मी रडले.

आता ऐका. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, मी यानुश आणि डोरोटा यांना चुलीभोवती फिरवणार आहे. यानुश पोलंडमधून अ‍ॅस्परॅगसची भाजी काढायला आलेला मुलगा. हंगामापुरता आला, तो राहिलाच. बारा वर्षं माझी जमीन तोच करतो. अलोइस अंथरुणाला खिळला तेव्हा याने त्याला उचलून डोहाकाठी नेऊन बसवायचं, रोज. शेत मी त्यांच्या नावावर करते आहे. हुबर्ट त्याला आधीपासूनच एलरकोल्क म्हणतो. तुम्ही या. आपल्या नावाचा माणूस हजर असला तर बरं वाटेल.

हर्मानच्या बापाचं आलात की सांगेन.

वालबुर्गा


हाले, १६ जानेवारी २०१७

श्रीमती एलरकोल्क,

मी येणार नाही.

हॅमबद्दल आभार. पण हे जे तुम्ही करायला निघाला आहात त्याला माझी संमती नाही, तुम्ही विचारली नसली तरी. यानुश चांगला असेल, त्याला जमीन द्या, गाईगुरं द्या, तुमचा हक्क आहे. नाव देऊ नका. नाव काही तुमच्या एकटीचं नाही. देशात ते नऊ ठिकाणी उरलं आहे, आणि जे इतकं थोडं उरलं आहे ते असं चुलीभोवती फिरवून येणाऱ्याजाणाऱ्याला वाटायचं नसतं. रक्ताला काही किंमत आहे की नाही? माझ्या पोराने नाव फेकलं, तुम्ही वाटता आहात. फरक काय?

तुमच्या नवऱ्याचं ठीक, तुमच्या वडिलांचं ठीक. पण हर्मान एलरकोल्क तुमच्या घरचा मुलगा होता. जन्माने. निदान माझी फांदी तरी अस्सल आहे.

लोथार एलरकोल्क


एलरकोल्क, २४ जानेवारी २०१७

श्री. लोथार,

बरं. रक्ताचंच बोलू. तुम्ही आला असता तर दाराखाली उभं करून दाखवलं असतं, कारण ते मोठ्या दाराच्या तुळईवर कोरलेलं आहे. आता लिहूनच सांगते. माझ्या आजीने मला सांगितलं, तिला तिच्या आईने.

उपासमारीचं वर्ष होतं. बटाटा शेतात सडला, त्यामागून ताप आला. या घरातून आठवड्याला एक तिरडी निघाली. आई, बाप, चार भाऊ. उरली एकटी आना सिबिला, एकोणीस वर्षांची, तीही तापात. शेजाऱ्यांनी तिला आपल्या घरी नेलं. घर रिकामं पडलं. आणि आमच्याकडे असं मानतात की चूल विझली की नाव गेलं. मग ते शेत नुसतं रान.

तर वाडीतल्या माणसांनी ठरवलं की एलरकोल्कची चूल विझू द्यायची नाही. त्यांच्याच घरी खायला नव्हतं, लोथार. स्वतःच्या चुलीत घालायला लाकूड नव्हतं. तरी पाळीपाळीने एकेक जण या रिकाम्या घरात यायचा, चुलीत ओंडका सारायचा आणि पहाटे दुसरा येईपर्यंत बसून राहायचा. घरात कोणी नाही, हंड्यात काही नाही, नुसती आग. हे हिवाळाभर चाललं. मी लहानपणी आजीला विचारलं, ते कशासाठी एवढं करत होते? ती म्हणाली, "कशासाठी म्हणजे? हाक मारली तर कोणी ओ द्यायला नको?" चौऱ्याऐंशी वर्षांची झाले तरी हे आठवलं की मी उठून चुलीत एक ओंडका सारते.

त्या हिवाळ्यात एक माणूस पायी आला. पूर्वेकडून, तुमच्याच बाजूने, झाक्सनकडून. गिरणीत काम शोधत होता, पण दळायला धान्य नव्हतं तिथे गिरणी कसली! धूर दिसला म्हणून आत आला. चुलीपाशी हुबर्टचा पूर्वज पेंगत होता. तो म्हणाला, "बस. आणि जागा राहणार असशील तर मी घरी जाऊन झोपतो." हा जागा राहिला. दुसऱ्या दिवशीही राहिला. वसंतात आना सिबिला काठी टेकत घरी आली, तर चूल पेटलेली, अंगण झाडलेलं, आणि एक अनोळखी माणूस गाय धुतो आहे. तिने विचारलं, "तू कोण?" तो म्हणाला, "मी फक्त आग बघत होतो." पुढच्या वर्षी तिने त्याला चुलीभोवती फिरवलं.

त्याचं नाव कोनराड म्युलर. तुळईवर तसंच कोरलं आहे: कोनराड म्युलर उर्फ एलरकोल्क आणि आना सिबिला. हर्मान त्यांचा धाकटा. शेत थोरल्या बहिणीला गेलं, तिच्या वंशात मी. हर्मान रेल्वेत गेला. तिकडे म्युलर ढिगाने असणार, म्हणून त्याने पुढचं टाकून मागचं तेवढं ठेवलं. हुशार होता म्हणायचा.

तेव्हा बापाचा बाप, त्याचा बाप असं चढत गेलात तर तुम्ही म्युलर. दचकू नका, मीही त्याच कोनराडची. तो चार पावलं पुढे गेला असता तर तुमचे नऊ नसते, आठ नसते, एकही नसता. डोह नुसताच डोह राहिला असता, नाव घेणारं कोणी नाही.

यानुश त्या कोनराडपेक्षा जास्त दिवस आग बघतो आहे.

वालबुर्गा एलरकोल्क


एलरकोल्क, १२ मार्च २०१७

प्रिय श्री. लोथार,

हे पत्र डोरोटा लिहिते आहे, मी सांगते. बर्फावर पडले, मनगट मोडलं. डोरोटाच्या चुका दिसल्या तर हसू नका, तिचं जर्मन माझ्या पोलिशपेक्षा बरं आहे.

तुमचं उत्तर नाही. मला वाटलं रागावलात, मग वाटलं आजारी असाल. म्युलर म्हटलेलं एवढं लागलं का? काय वाईट आहे त्या नावात? पीठ दळणारे लोक. त्यांच्याशिवाय तुमचा तो कोरडा श्टोलनसुद्धा झाला नसता. एवढ्यावरून माणूस गप्प बसतो, हे मला समजत नाही. दुसरं काही असेल तर सांगा.

दोन फेब्रुवारी छान झाली. सगळी वाडी आली. डोरोटा हसत हसत फिरली. (हो, मी हसले. डो.) यानुश मात्र साखळी सोडेना. हुबर्ट बाहेर गेला, दार लावलं, हाक मारली. हुबर्टने पुन्हा हाक मारली. यानुश माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "बाई, मी खरंच म्हणू का?" मी म्हटलं, "अरे, लवकर म्हण, तो बाहेर गारठतोय!" मग तो असा ओरडला की गोठ्यातल्या गाई उठल्या.

तुमचा हिशेब मोडला. आता तुमच्या यादीत दोन वाढवा.

वालबुर्गा


लाइप्झिग, ३ एप्रिल २०१७

आदरणीय श्रीमती एलरकोल्क,

मी लोथार यांचा मुलगा, फाल्क. तुमची चारही पत्रं माझ्यासमोर टेबलावर आहेत. बाबा शेजारच्या खोलीत आहेत. मी म्हटलं तुम्हीच लिहा, तर म्हणाले, "मला सुरुवात जमत नाही, तू कर." म्हणून मी लिहितो.

काल रविवारी दुपारी दाराची घंटा वाजली. मी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो, आंके, माझी बायको, तिच्या वडिलांना आणायला गेली होती. रोमीने दार उघडलं. अनोळखी माणसाला नाव विचारायचं, असं तिला शिकवलं आहे.

"कोण तुम्ही?" तिने विचारलं.

"मी लोथार."

आवाज ओळखून माझ्या हातातली सुरी थांबली.

"नुसतं लोथार नाही चालत. आडनाव सांगा. आडनावाशिवाय आत घ्यायचं नाही, असं आई म्हणते."

बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मला वाटलं परत गेले. मला वाटलं, आता एलरकोल्क म्हणतील, ठासून म्हणतील, माझ्या दारात, माझ्या मुलीच्या तोंडावर. मी हात पुसायला फडकं शोधत होतो आणि मला सापडत नव्हतं.

"म्युलर," ते म्हणाले. "लोथार म्युलर."

"अय्या, आमचंच नाव!" रोमी किंचाळली. "बाबा, एक म्युलर आलेत!"

तुम्हाला ते ठाऊक नव्हतं, बाई. बाबांनी ते तुम्हाला कधी सांगितलंच नव्हतं. आंके म्युलर आहे. लग्नापासून मी म्युलर आहे आणि रोमी जन्मापासून म्युलर आहे. तुम्ही बाबांना पत्रात सरळ मनाने सांगितलंत की तुमचा खापरपणजोबा म्युलर होता, आणि ते नाव, जे त्यांनी सहा वर्षं घरात काढू दिलं नव्हतं, ते तुमच्या अक्षरात त्यांच्या टेबलावर येऊन पडलं. ते म्हणतात, पत्र वाचून ते इतका वेळ बसून होते की चहाचं पाणी आटून भांडं जळलं. मग दोन महिने त्यांना इथवर यायला लागले. हालेहून लाइप्झिग अर्ध्या तासाच्या वाटेवर आहे.

मी बाहेर आलो तेव्हा मला आधी रागच आला. मला वाटलं माझी टर उडवायला आलेत. त्यांनी खिशातून तुमचं पत्र काढलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "वाच." मी वाचलं. रोमी मध्येच कडमडून "मला पण, मला पण" करत होती. मग ते म्हणाले, "सहा वर्षं मी माझ्या खापरपणजोबावर रुसून बसलो होतो, फाल्क. आणि मला ते माहीतच नव्हतं." आणि रडायला लागले. मी बाबांना आईच्या अंत्यविधीलासुद्धा रडताना पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मी त्यांना काल पहिल्यांदा सांगितली, कारण ती त्यांनी कधी विचारली नाही. तुम्हालाही सांगतो. आमच्या लग्नाच्या आधीच्या वर्षी आंकेचा एकुलता एक भाऊ गेला, मोटरसायकलवर. तिचे वडील घरात एकटे बसून असायचे. पोस्टमन यायचा, "म्युलर!" म्हणून हाक मारायचा, आणि ते उठायचेच नाहीत. लाखो म्युलर आहेत, मला मान्य आहे, पण त्या घरात ओ द्यायला कोणी उरलं नव्हतं. मला वाटलं, मी द्यावी. त्यामागे दुसरं काही नव्हतं. लग्नाच्या जेवणात मी हसत बोललो, कारण गंभीरपणे बोललो असतो तर माझा आवाज गेला असता.

हे ऐकून बाबांनी तुमचं पत्र पुन्हा हातात घेतलं. मग फक्त एवढं म्हणाले, "तू पण आग बघायला थांबलास होय."

संध्याकाळी आंकेचे वडील आले. दोन म्हातारे सोफ्यावर शेजारी शेजारी बसले. तिचे वडील म्हणाले, "म्हणजे आता तुम्हीपण म्युलर? बसा, बसा, सरकतो. आमच्यात जागेची कमी नाही." बाबा हसले. मग त्यांना आम्ही तुमच्या चुलीची गोष्ट वाचून दाखवली. शेजारी रिकाम्या घरात ओंडका सारून बसायचे, तिथपर्यंत आलो आणि पुढे मला वाचता येईना. आंकेने वाचली.

बाबांचा मोठा कागद त्यांनी सोबत आणला होता. रात्री रोमीने त्यावर रंगीत खडूंनी डोह काढला. बाबांनी तिला काळा खडू शोधून दिला.

आम्ही सगळे तो डोह बघायला येऊ का?

आपला,
फाल्क म्युलर


एलरकोल्क, ९ एप्रिल २०१७

प्रिय लोथार,

मनगटाचं प्लास्टर सुटलं, म्हणून माझ्या हाताने लिहिते. अक्षर वाकडं आहे, चालवून घे. मी तुझ्यापेक्षा बरीच मोठी आणि तू आमच्या कोनराडचा, तेव्हा आता तुम्ही-बिम्ही पुरे. मीही तुला अहोजाहो करून कंटाळले.

फाल्कचं पत्र मी चुलीपुढे बसून वाचलं, मग यानुशला वाचायला दिलं. तो वाचता वाचता उठून गोठ्यात गेला. हुबर्टला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे आम्ही तेव्हा चूल राखली ती लाइप्झिगच्या पोरीसाठीपण होती की काय?" मी म्हटलं, "मग! तुला काय वाटलं, तुझ्या पाईपला विस्तव मिळावा म्हणून?"

मी देवाकडे फार काही मागत नाही, पण मला हे कधी सुचलं नसतं, की त्या हिवाळ्यातला एकेक ओंडका इतक्या लांब उजेड देईल. मी रोज ती चूल राखत आले. आज जेवायचं विसरून तिच्यापुढेच बसून राहिले.

तर ईस्टरला सगळे या. शनिवारी टेकडीवर शेकोटी असते, रोमीला आवडेल. आंकेच्या वडिलांनाही आण, त्यांना सांग इथेही जागेची कमी नाही. फाल्कला नाव बदलायला सांगू नकोस. तो जिथे ओ द्यायची तिथे देतो आहे. श्टोलन आणू नकोस. ती ढाल मात्र आण, डोरोटाच्या कोबीच्या पिंपाला झाकण नाही आणि माप साधारण तेवढंच आहे.

आणि एक. हुबर्टला मी सांगून ठेवलं आहे. तुम्ही आलात की तुला मी चुलीभोवती फिरवणार, साखळीवर हात ठेवून, तीनदा. तुझ्या हर्मानला कोणी फिरवलं नव्हतं, तो इथे जन्मला म्हणून. तू पूर्वेकडून येणार, कोनराडसारखा, म्युलर म्हणून. मग नियमाप्रमाणेच व्हायला हवं. हुबर्ट दार लावून बाहेरून हाक मारेल.

रोमीला शेजारी उभी कर. तुझा आवाज नाही फुटला तर ती ओ देईल.

वालबुर्गा